राखीव लाइन

तीर्थरूप मामांस, भाच्याचा वाकून नमस्कार.

मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी एक पिवळी वायर उपटली आणि होत्याचं नव्हतं झालं. (आधी विचारायला हवं होतं, गुडघा कसा आहे? मामींना हे पत्र चहा झाल्यावरच दाखवा.)

तुम्ही शब्द टाकून मला जिथे चिकटवलंत (कॉलेज अर्धवट सोडलेल्याला एरवी दारात कोण उभं करतं!), ते सरकारी संगणकांचं जाळं मुळात संशोधनासाठी. दर मंगळवारी अकराला प्रयोग चालवणारे सर मुद्दाम एखादी लाइन तोडतात आणि माहिती दुसरी वाट कशी शोधते ते बघतात. पण आयतं मिळतंय म्हणून दवाखाने, शाळा, वाचनालयं एकेक करत त्यावर येऊन बसली. दवाखान्यात औषधं देणारी एक मुलगी दर मंगळवारी फोन करायची, "अहो जाळेवाले, आज पुन्हा मेलं का?" इतक्या गोड आवाजात मला आजवर कुणी झापलेलं नाही. प्रयोगाचं मोजमाप एका राखीव लाइनवरून चालतं, ती कधीच तोडत नाहीत. मी गुपचूप त्या मुलीचा दवाखाना या लाइनवर जोडला आणि छाती फुगवून तिला सांगितलं, "तुमची लाइन आता पडणार नाही."

या मंगळवारी अकराला तिची मोठ्या इस्पितळासाठी कॅमेऱ्यावर मुलाखत होती. नेमकं सरांनी जाहीर केलं, आज सगळ्या लाइनी एकामागून एक तोडायच्या. मी म्हटलं, सर, पलीकडे माणसं काम करतात. ते म्हणाले, "अरे, निधी लाइनी तोडून बघायला आलाय, जपायला नाही." माझं डोकं तुम्हाला ठाऊक आहे. मोजमापच बंद पाडलं की प्रयोग बंद, म्हणून उठलो आणि वायर उपटली. राखीव लाइनची. तिची.

दुपारी फोन आला. "जाळेवाले" नाही, नुसतं "अहो." मग म्हणाली, "तुम्ही तर म्हणाला होतात..." आणि वाक्य अर्धवट टाकून तिने फोन ठेवला.

आपला आज्ञाधारक (हे सवयीने लिहिलं),
भाचा

ता. क. सर रागावले नाहीत. "असा बिघाड आम्हाला सुचलाच नसता!" म्हणत त्यांनी वहीत टिपून घेतलं. म्हणून राजीनामा दिला.

ता. क. २. माझ्या नव्या नोकरीसाठी शब्द टाकू नका. तिची मुलाखत घेणारे गृहस्थ तुमचे बुद्धिबळातले भिडू आहेत. चूक तिची नव्हती, एवढं सांगा आणि तिला पुन्हा बोलवायला लावा. माझं नाव काढू नका.

ता. क. ३. वायर त्याच वेळी परत जोडली होती. आज तिला चिठ्ठी बांधली आहे, "पलीकडे माणूस आहे." खोलीची किल्ली सरांच्या टेबलावर ठेवून निघतो. दार धाडकन आपटायचं ठरवलं होतं, पण त्याने वायरी हलतात. हळूच लावतो.