घुमटावरचा दहा वर्षांचा रंग

रत्नागिरी, २ जानेवारी २०२६

ती. काशीरामकाकांस, शि. सा. नमस्कार.

फोनवर मी दर्गा म्हटलं की तुमची रेंज जाते. म्हणून क्रमाने लिहिते.

१. मे महिन्यात तुमच्या मुंबई मंडळाने गावच्या पीरबाबांच्या घुमटाला चुन्याऐवजी प्लॅस्टिकचा रंग दिला. हमी दहा वर्षांची.
२. घुमट जांभ्याचा, गिलावा चुन्याचा. तो पावसात पाणी पितो, उन्हात सोडतो. रंगाने सोडायची वाट बुजवली. भेगांतून पिणं चालूच राहिलं.
३. बुधवारी आतला ताटाएवढा गिलावा मजारीवरच्या चादरीवर पडला. गर्दी गुरुवारी असते; एका दिवसाने वाचलो.

रंग मात्र कुठेही उडालेला नाही. मंडळाचं अभिनंदन.

रंग खरवडून चुना दिला नाही, तर दार बंद ठेवा असं इंजिनिअर म्हणून मी लेखी देणार. मग यंदाचा उरूस अंगणात. तुमचा लोभ या रंगापेक्षा बरा निघो.

योगिनी

मुंबई, ८ जानेवारी

चि. योगिनीस आशीर्वाद.

चार बुकं शिकलीस आणि पहिली नोटीस काकाला! तुझी काकी म्हणाली, घरातच सरकार निपजलं.

आता खरं सांगतो. उरुसाआधी चुन्याचा पहिला हात आपल्या घरचा, मग गावातल्या सगळ्या घरांचा, हिंदू, बौद्ध, मुसलमान. आपला पडल्याशिवाय कुणी ब्रश उचलत नाही. माझा गुडघा शिडी चढू देत नाही. गेल्या उरुसाआधी सगळे चुना कालवून उभे राहिले आणि मी तापाचं निमित्त केलं. दुकानदार म्हणाला, दहा वर्षं कुणाला चढावं लागणार नाही. मला तेवढंच ऐकू आलं.

गावात बोलू नकोस. माझ्यावर लोभ आहे तसा ठेव.

काशीरामकाका

रत्नागिरी, १३ जानेवारी

ती. काकांस नमस्कार.

एका गुडघ्यासाठी अख्खा घुमट रंगवणारे तुम्ही पहिलेच. डॉक्टर स्वस्त पडला असता.

तुमचं नाव न घेता मुजावर इस्माईलचाचांना विचारलं. ते म्हणाले, पहिला हात घरचा हवा; तो कुठे द्यायचा, असा नेम नाही. तुमच्या आजीचं, आनंदीबाईंचं, त्यांनी वडिलांकडून ऐकलंय. घरचे पुरुष मुंबईत, आनंदीबाईंना नववा महिना. दर्ग्याच्या जोत्याला चुन्याचा पहिला हात देऊन त्या घरी गेल्या, बाकीचे वर चढले. पोटात तुमचे वडील होते.

जोतं जमिनीपासून अडीच फूट आहे. मी मोजलं. खुर्ची चाचा देतील. रंग खरवडायला घेतलाय, चुना भिजत घातलाय. घुमटावर परांची बांधून मी चढेन, पण तुमच्यानंतर.

उरूस तीस तारखेला. तुम्ही येता की नाही, ते मंगळवार, २० जानेवारीपर्यंत कळवा.

योगिनी