लोकर आपोआप सावरते

७ सप्टेंबर, रविवार

निर्णय झाला. कन्येला ज्या गावी नोकरी लागली आहे, तिथे म्हणे नळातलं पाणी गोठतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघायचंय. मायलेकी सकाळी स्वेटर घ्यायला बाजारात निघाल्या होत्या, मी दारातच अडवलं. पोरगी पहिल्यांदा घर सोडून जाणार आणि अंगावर काय, तर कुठल्यातरी मशिनवर निघालेला स्वेटर? छे. बापाच्या हातचा घालून जाईल. डिझाइन माझं, विणकाम माझं, लोकर आपल्याच भागातल्या मेंढ्यांची.

बायकोने विचारलं, विणायला कधी शिकलात? म्हटलं, जन्मभर ऑफिसात इमारतींचे नकाशे काढतोय. इमारतीत शंभर माणसं राहतात, स्वेटरात एकच राहणार आहे.

सासूबाई टीव्हीसमोर होत्या. त्या आवाज कमी न करता म्हणाल्या, आधी साधा मफलर करून बघा. दुर्लक्ष केलं.

१४ सप्टेंबर

गावाबाहेर जाऊन लोकर आणली. मेंढ्या पाळणाऱ्या बाई स्वतःच सूत काततात. रंग दोनच, पांढरट आणि करडा, जसे मेंढीचे तसेच. मधेमधे गवताच्या काड्या. वास आहे. अस्सल मालाला असतोच.

बाईंनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. धुतल्यावर ही लोकर बसते, टाके आपापली जागा घेतात, बारीकसारीक चुका लोकरच सावरून घेते. दुकानातल्या लोकरीत हे कुठून असणार? तुम्ही विणता का, असं बाईंनी विचारलं. हो म्हटलं. मनाने सुरुवात झालेलीच आहे.

१५ सप्टेंबर

नकाशा तयार. प्लॅन, फ्रंट एलिव्हेशन, बाहीचं सेक्शन. कन्येची मापं घेतली. माप नेहमी सेंटरलाइनपासून घ्यायचं असतं, म्हणून हाताची लांबी पाठीच्या मधोमध टेप धरून मनगटापर्यंत घेतली. ती म्हणाली, बाबा, हात इथून सुरू होत नाही. तिला ड्रॉइंगमधलं काय कळणार, लहान आहे अजून.

विणकाम शिकवणाऱ्या व्हिडिओतल्या बाई सारखं सांगतात, आधी छोटा नमुना विणून मोजा. आम्ही काय आधी छोटी इमारत बांधून बघतो?

२० सप्टेंबर

श्रीगणेशा केला. पाठीचा भाग. टाके घातले अठ्ठ्याण्णव, ओळ संपली तेव्हा झाले एकशे तीन. वाढ दिसतेय.

२१ सप्टेंबर

आज त्र्याण्णव. म्हणजे सरासरी बरोबर आहे.

२६ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत विणावं म्हणून विणकामाची टोपली ऑफिसात नेली. साहेबांनी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या आणि शिपायाला कपाटामागे काही मरून पडलंय का ते बघायला सांगितलं. उद्यापासून टोपली घरी, खिडकीपाशी, सासूबाईंच्या खुर्चीशेजारी.

२९ सप्टेंबर, संध्याकाळ

आज जे पाहिलं ते लिहून ठेवलंच पाहिजे. सकाळी विणताना पाठीत अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. कंटाळून तसंच टोपलीत टाकून ऑफिसला गेलो. परत येऊन बघतो तर भोक नाही. टाके सरळ रेषेत, दृष्ट लागावी असे.

लोकर सावरून घेते असं मेंढ्यांवाल्या बाई म्हणाल्या होत्या ना. फक्त ते धुतल्यावर म्हणाल्या होत्या. माझी न धुताच सावरतेय. हाताचा गुण असावा.

५ ऑक्टोबर

एकदा घडलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, म्हणून काल शास्त्रीय प्रयोग केला. मुद्दाम तीन टाके सोडले, दोन सुलटऐवजी उलट घातले. संध्याकाळी सगळं जागच्या जागी. सिद्ध झालं.

सासूबाई डोळ्यांत घालायचे थेंब मागत होत्या. बोटंही आखडलीत म्हणाल्या. दिवसभर टीव्ही आणि रिमोट, दुसरं काय होणार? बायकोला तसं बोलूनही दाखवलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

१८ ऑक्टोबर

पाठ पूर्ण. ऑफिसात नेऊन दाखवली (खिडक्या आधीच उघडून ठेवल्या). हिशेबनिसांना सेल्फ-करेक्शनचं तत्त्व समजावलं. त्यांची बायको विणते. तिने फोनवर कळवलं की असं काही नसतं, जन्मात ऐकलं नाही. मी उलट निरोप दिला की तुमची लोकर दुकानातली असणार.

२ नोव्हेंबर

पुढचा भागही होत आला. गळ्याचा उतार माझ्या नकाशात चौकोनी होता, प्रत्यक्षात मात्र छान गोल झालाय. लोकर आता चुका तर सुधारतेच, डिझाइनही सुधारायला लागली. कन्येने अंगाला लावून पाहिला. टोचतो म्हणाली, पण आरशासमोरून हलेना. मला एकदम भरून आलं. सर्दीचं निमित्त करून आत गेलो.

९ नोव्हेंबर

बाह्यांचं काम नाजूक. उजेड हवा, जागा हवी. सासूबाईंना विनंती केली की खुर्ची आतल्या खोलीत हलवा, खिडकी मला स्टुडिओ म्हणून लागेल. बराच वेळ टोपलीकडे बघत होत्या.

१२ नोव्हेंबर

सासूबाई मोठ्या मेव्हणीकडे राहायला गेल्या. त्यांनाही बदल हवाच असणार. बायको तीन दिवस माझ्याशी फक्त मीठ-पाण्यापुरतं बोलतेय. रिक्षात बसताना सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, बाहीला टाके हळूहळू वाढवत जायचे असतात. एकदम नाही." म्हटलं बरं. नकाशात वाढीची रेषा आहेच.

२० नोव्हेंबर

डाव्या बाहीत दोन भोकं पडली. सवयीप्रमाणे टोपलीत ठेवून गेलो. संध्याकाळी भोकं तशीच. हवेतला बदल असावा.

२४ नोव्हेंबर

टोपली फ्रिजच्या वर ठेवून पाहिली, तिथे जरा ऊब असते. फरक नाही. उन्हात ठेवली. फरक नाही. भोकं आता पाच. एकातून सुई आरपार गेली आणि गादीत घुसली.

३० नोव्हेंबर

बायकोला विचारलं, महिन्याच्या मध्यात घरात काही बदललं होतं का? पाणी, साबण, फिनेल? तिने भाजी चिरायची थांबवली आणि म्हणाली, "आई गेली. बाकी काही नाही."

याचा लोकरीशी संबंध नाही. तरी नोंद करून ठेवतो.

६ डिसेंबर

बाही सरळ गुडघ्यापर्यंत येतेय. कोपरापर्यंत नळी आणि पुढे एकदम उशीचा अभ्रा. टाके एकदम वाढवले होते, हे खरं. पण मापं तर अचूक होती.

उसवायला घेतली. टोकाच्या चार ओळी निघेपर्यंतच लोकरीचा एवढा गुंता झाला की सुरुवातही सापडेना आणि शेवटही. जमिनीवर बसून राहिलो. बायको केर काढत माझ्याभोवतीने गेली. मेंढीच्या अंगावर ही लोकर कशी मुकाट वाढत असते.

७ डिसेंबर

कन्येने बाही घालून पाहिली. हात आत हरवला. मला वाटलं हसेल. ती हसली नाही, ते जास्त लागलं. जवळ बसून हळूच म्हणाली, बाबा, मी एक विकतचा घेऊन ठेवू का? असू दे आपला, जवळ.

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पाणी गोठतं तिथे.

१४ डिसेंबर

टोपली पलंगाखाली ढकलली. खोलीभर वास येतो, म्हणजे आहे तिथेच आहे. स्टुडिओत बसायला मन होत नाही. खिडकीपाशी नुसता लख्ख उजेड पडलेला असतो आणि खुर्ची आतल्या अंधारात.

माझ्या हातात काही नाही. आजवर कधीच नव्हतं की काय, अशी शंका येते. शंका लिहून ठेवू नये. लिहिली गेली.

१८ डिसेंबर

रजा काढून दुपारी एकटाच घरी होतो. टोपली ओढून पाठ आणि बाही शेजारी शेजारी ठेवून भिंगातून पाहिली. पाठीच्या टाक्यांचा ताण ओळीओळीला सारखा. बाहीचा माझ्यासारखा. दोन ड्राफ्ट्समननी काढलेला नकाशा मी ऑफिसात लांबूनच ओळखतो. इथे तीन महिने ओळखला नाही. पाठीच्या टाक्यात एक पांढरा केसही विणला गेलाय. माझ्या डोक्यावर एवढा लांब केस लग्नातही नव्हता.

खुर्ची उचलून परत खिडकीपाशी ठेवली. जड आहे. कमरेत लचक भरली.

२१ डिसेंबर

मेव्हणीकडे गेलो. सासूबाईंना म्हटलं, घर सुनंसुनं वाटतं, खुर्ची रिकामी बघवत नाही, चला. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "लोकर आणलीत का?"

पिशवीत होती. सहज.

बाही हातात घेऊन उलटसुलट पाहिली. म्हणाल्या, पोरीचा हात काय पाठीच्या कण्यातून निघतो? मी सेंटरलाइनचं तत्त्व समजावायला सुरुवात केली आणि मधेच थांबलो. मेव्हणी चहा आणायच्या निमित्ताने आत गेली. आतून हसण्याचा आवाज येत होता.

मग सासूबाईच म्हणाल्या, "तुम्ही ऑफिसला गेलात की मी उसवून पुन्हा घालायची. शेजारीच टोपली, डोळ्यांना बघवेना." रिक्षात मी त्यांची बॅग मांडीवर घेऊन बसलो. अर्थात लोकरीचाही काही वाटा असणारच.

२८ डिसेंबर

सासूबाई उजवी बाही विणतायत, उघड उघड, टीव्ही बघत. माझ्याकडे काम आहे ते दोन्ही हातांवर लड धरून समोर बसायचं, त्या गुंडा करतात. हात हलवू नका म्हणतात. हे काम मला बऱ्यापैकी जमतं, असं त्यांनी बायकोला सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं. बरं वाटलं.

डोळ्यांचे थेंब आणले. मोठी बाटली.

३ जानेवारी

उजवी बाही झाली. मनगटावर बरोबर येते. सासूबाईंनी माझी डावी उसवायला घेतली तर कन्येने हिसकावून घेतली. भोकं तेवढी बुजव म्हणाली, बाकी हात लावायचा नाही. मी म्हटलं, अगं लोक हसतील. ती म्हणाली, "आजी, दोघांचंही काहीतरी अंगावर असू दे ना. मी एकटीच असणार आहे तिकडे."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. टीव्हीवर काय चाललं होतं कुणालाच सांगता आलं नसतं.

४ जानेवारी

गेली. स्वेटर घालूनच गेली, इथे घाम येत होता तरी. सामान तपासायच्या रांगेतून हात केला. डाव्या हाताने केला, त्यामुळे नुसती बाहीच हलताना दिसली. विकतचा बॅगेत आहे. तळाशी ठेवलाय, असं बायको म्हणते. मी विचारलं नव्हतं.

१९ जानेवारी, सकाळ

फोटो आला. मागे सगळं पांढरं. उजव्या हातात हातमोजा, डाव्या हाताला काही नाही, बाहीच पुरते. लिहिलंय, "इकडे सगळे विचारतात कुणी केला. पाठ आजीची आणि बाही बाबांची, असं सांगते. बाही कुठली ते सांगावं लागत नाही."

सासूबाईंना मोठा करून दाखवला. त्यांनी पाठ बघायची म्हणून फोन उलटा केला. फोटोत पाठ नव्हती.

उरलेली लोकर होती. मफलर घेतलाय, साधा. टाके घातले वीस. ओळ संपली तेव्हा तेवीस झाले. टोपली सासूबाईंच्या खुर्चीशेजारी ठेवून ऑफिसला निघालो.