दुसऱ्या रिव्ह्यूअरची यादी

३ मार्च

एकशे चौऱ्याण्णव. गेल्या बारा महिन्यांत माझ्या पेपरांना एवढी सायटेशन्स, म्हणजे इतरांनी एवढ्या वेळा माझा संदर्भ दिला. त्याआधीच्या बारा महिन्यांत एकसष्ट होती. मध्ये मी असं काय केलं? काही नाही. प्रतिकारपेशी सूज कशी आटोक्यात ठेवतात, तेच माझं जुनं काम. चांगलं आहे, पण जगाने एकदम उठून दखल घ्यावी असं काही नाही.

प्रोफेसरपदाची समिती पंधरा दिवसांवर आली आहे. लोक म्हणतील, बाईंनी नशीब काढलं. मला हे पचत नाहीये.

५ मार्च

गुळमुळ्या कॉरिडॉरमध्ये भेटला — शेजारच्या लॅबचा, त्याच जागेसाठी अर्ज केलेला. "मॅडम, तुमचा आलेख बघितला. रॉकेट सुटलंय की." तोंडभर हसला. याला माझा आलेख बघायची काय गरज?

नवऱ्याला सांगितलं. "कौतुक झालं तरी तुझ्या पोटात गोळा," म्हणाला आणि शर्टाला इस्त्री करत राहिला.

८ मार्च, रविवार

दिवसभर बसून मला उद्धृत करणारे सत्तर पेपर उघडले. बहुतेकांत माझे तेच तीन पेपर. तेही प्रस्तावनेत, एकाच वाक्यात, ओढूनताणून बसवलेले. माशांच्या कल्ल्यांवर लिहिणाऱ्याला माझ्या उंदरांशी काय घेणंदेणं?

कुणीतरी हे करवून घेतंय.

१० मार्च

चिमणी — माझ्याकडे पीएचडी करते ती — एक कागद घेऊन आली. तिच्या मैत्रिणीच्या पेपरवर, छापण्याआधी तो तपासणाऱ्यांकडून, आलेला रिपोर्ट. दुसऱ्या रिव्ह्यूअरने लिहिलंय: काम चांगलं आहे, मात्र पुढील तीन संदर्भांशिवाय अपुरं वाटतं. तिन्ही माझे!

"मॅडम, रिव्ह्यूअर कोण ते कळत नाही ना कधी?"

"तुला काय वाटतं, मी आहे?"

"नाही, मॅडम." जरा उशिराच म्हणाली. मग सारवासारव — "धड माहिती तरी कुठे आहे त्याला? तिसऱ्या पेपरात तुमचं नाव पहिलं टाकलंय. छापलेल्यात तर तुमचे सर पहिले आहेत."

घाईत झालं असेल म्हटलं. तो पेपर माझ्या पीएचडीचा. प्रयोग माझे, लिखाण माझं. आमच्या क्षेत्रात पहिलं नाव ज्याचं, त्याचं काम. गाइडने शेवटी बसायचं असतं. सर पहिल्या जागेवर बसले. बावीस वर्षं झाली, अजून आठवलं की डोकं फिरतं. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललेली नाही.

१२ मार्च

गुळमुळ्याच. दुसरं कोण असणार? डझनभर नियतकालिकांसाठी पेपर तपासतो, ते सांगत फिरतोही. आधी माझे आकडे फुगवायचे, मग समितीच्या कानात सांगायचं — बाई स्वतःच करून घेतात. पद जाईल ते जाईल, नावालाही काळं फासलं जाईल.

त्या मैत्रिणीकडून आणखी दोघांचे रिपोर्ट मागवलेत.

१३ मार्च

चिमणी आज डबा खायला माझ्या खोलीत आली नाही.

१६ मार्च

तक्रार लिहिली. गुळमुळ्याचं पूर्ण नाव घालून. पाकीट बंद केलं.

नवरा म्हणाला, "पुरावा?"

"समिती शोधेल."

"आणि तो नसला तर? माणूस आयुष्यातून उठेल."

याला नेहमी दुसऱ्याचीच दया येते. रात्री बोलले नाही त्याच्याशी.

१७ मार्च

पाकीट घेऊन ऑफिसात गेले. क्लार्क बाई म्हणाल्या, रिपोर्टांच्या प्रती जोडल्याशिवाय घेता येणार नाही. तिथेच बाकावर बसून तिन्ही रिपोर्ट एकाखाली एक लावले. तिन्हींमध्ये त्या जुन्या पेपरचा क्रम तोच. आधी मी, मग सर.

घाई तीनदा सारखीच कशी होईल?

गुळमुळ्याने बघितला असेल तो छापलेला पेपर. छापलेल्यात मी दुसरी आहे. मी पहिली होते ती फक्त माझ्या हाताने लिहिलेल्या कच्च्या प्रतीत. ती प्रत जगात दोघांनीच पाहिली — मी, आणि जे लाल पेन घेऊन नावं खालीवर करत होते ते.

सर निवृत्त झाले तरी घरी बसून पेपर तपासतात, असं कुणीतरी म्हणालं होतं. मी ऐकून सोडून दिलं होतं.

पाकीट तसंच परत आणलं. फाडून टाकलं. गुळमुळ्या जिन्यात दिसला, तर माझीच मान खाली गेली.

१८ मार्च

समितीला दोन ओळींचं पत्र दिलं: माझे हे तीन पेपर विचारात घेऊ नयेत. त्यांच्याशिवाय मी त्या पदाला पुरी पडत नाही, मला माहीत आहे.

मग सरांना फोन लावला. बावीस वर्षांनी. "सर, थांबवा आता."

ते हळूच म्हणाले, "क्रम बरोबर लिहिला ना गं?"

हो म्हटलं, आणि मला रडू आलं.