भामाची कढई

पनवेल, १२ ऑगस्ट १९५८

ती. सौ. सासूबाईंस,
सत्यवतीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत. यांचा खोकला गेला. बाजारात काकड्या दिसल्या आणि यांना तुमच्या हातचं धोंडस आठवलं. गूळ, काकडी, तांदळाचा रवा, खाली-वर निखारे, सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. पण अॅल्युमिनियमच्या नव्या डब्यात तळ करपला नि वर कच्चं राहिलं. कल्हईच्या पातेल्यात छान भाजलं, मात्र निम्मं तळालाच चिकटलं. हे म्हणतात, रोज असंच कर, खरवडच जास्त गोड लागते. आता तिसरं भांडं कोणतं घेऊ ते कळवावं.

लोभ आहे तो वाढतच राहावा.
आपली, सत्यवती

गव्हाण, १७ ऑगस्ट

सौ. वहिनींस,
तुळशीरामचा सा. न. वि. वि.

आई सांगते, मी लिहितो. शाळेच्या वह्या तपासायच्या पडल्यात, पण तिचं म्हणणं, आधी पत्र. ती विचारते की भामाची बिडाची कढई दिली हाय तर डबे कशाला, तिच्यात काय चिकटत नाय.

भामाताई वारली त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून आईनं ती कढई चुलीवर ठेवली नाही, दर शनिवारी तेलाच्या फडक्यानं नुसती पुसायची. तुम्हाला दिली तेव्हा मलाच नवल वाटलं. गौरींच्या आधी आई तिकडे येतेय. तेव्हा धोंडस त्याच कढईत करा म्हणते.

माया असू द्यावी.
तुळशीराम

पनवेल, २१ ऑगस्ट

ती. सौ. सासूबाईंस, शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. आमच्या माहेरी भांडी लखलखीत लागतात. तुम्ही विश्वासानं दिलेली कढई काळी दिसली, म्हणून मी काथ्या नि विटेची पूड घेऊन दोन दिवस घासली. पांढुरकी निघाली तेव्हा आनंद झाला होता. पहिलंच धोंडस इतकं चिकटलं की उलथण्यानं खणावं लागलं. भामावन्संच्या हातचं होतं ते सगळं मी घासून टाकलं. रागवा, पण यायचं रद्द करू नका.

अपराधी, सत्यवती

गव्हाण, २६ ऑगस्ट

सौ. वहिनींस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. आई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या सकाळी म्हणाली, लिही. तिचे शब्द तिचेच ठेवतो.

ती म्हणते की कढई इस्वासानं दिली नव्हती, खोटं कशाला बोलू. तिच्यावर भामाचा हात दिसायचा, चुलीवर ठेववत नव्हती नि टाकवतही नव्हती, म्हणून डोल्यांसमोरून काढली. काळं गेलं हे ऐकून लय रडली. पण सात वर्षांनी पैल्यांदा तिला त्या कढईतलं खावंसं वाटतंय. आता ती तुमची कढई. येताना तीळतेल आणतेय, दोघी बसून तेल चोपडून, तापवून परत काळी करू म्हणते.

चार-सहा वेळा चिकटणारच, असंही सांगते. खरवड दादाला देऊ नका, तिच्यासाठी ठेवा.

तिचे अनेक आशीर्वाद.
तुळशीराम