कपाट उघडलं का?

७८६
शारजा, ता. १२ नोव्हेंबर १९६७

मरियमबीस मोहिद्दीनकडून सलाम.

अल्लाच्या मेहेरबानीने बरा आहे. थंडी सुरू झाली तसा गुडघा कुरकुरतो, पण मेसमध्ये साहेब लोकांचा स्वयंपाक उभ्यानेच करायचा, त्याला इलाज नाही. मागच्या पडवीची कौलं परतली का? आपल्या तय्यबने गळतं म्हणून लिहिलं, पुढे काही कळवलं नाही. तुझा दमा, विहिरीचा कठडा, सगळ्याचा घोर लागून राहतो. माझा काळा कोट खुंटीवरच आहे ना? त्याला कसर लागली नाही ना?

अन्वरी बेटी, तू हे सासूला वाचून दाखवशील म्हणून अक्षर मोठं काढतोय. माझी शाळा चौथीपर्यंतची, सांभाळून घे.

मरियमबी, नोकरी सोडून कायमचे घरी कधी येता, असं तू या खेपेलाही विचारलंस. त्याचं लिहितो. आधी इथलं एक नवल ऐक.

इथे रोल्ला म्हणतात त्या चौकातल्या मोठ्या वडापासून जवळच एक उघडं सिनेमाघर आहे. चार भिंती, वर आभाळ. गेल्या आठवड्यात हिंदी पिक्चरचा डबा यायचा होता, तो आलाच नाही. बहरीनहून चुकून दुसराच डबा आला. मालकाने तोच लावला. आमच्या मेसमधला एक साहेब म्हणाला, ही झेक लोकांची भाषा, बाटाचे बूट ज्या मुलखातून निघाले तिथली. आमच्यापैकी कुणाला एक अक्षर कळेना. श्रीवर्धनचा वली माझ्याबरोबर खोलीत राहतो, तो मला ओढून घेऊन गेला.

पिक्चर असा. एक माणूस बॅग घेऊन खूप लांबून आपल्या घरी येतो. घरचे सगळे जेवायला बसलेले. ताटात काय, तर घड्याळं. ती काटेचमच्याने कापून खातात. लहान मुलाच्या डोळ्यांच्या जागी गुंड्या शिवलेल्या. इथपर्यंत लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. मग तो माणूस बोलायला तोंड उघडतो, तर तोंडातून नुसता पाणी ठिबकल्याचा आवाज. कुणी वर बघत नाही. तो आरशापुढे जातो, तर आरशात नुसता कोट. तेवढ्यात बायको उठते. ब्रश घेऊन त्याच्या खांद्यावरची धूळ मायेने झटकते, त्याला उचलते आणि कपाटात अडकवते. दार लावते. खलास.

दिवे लागले तरी कुणी हलेना. त्या अंगणात आम्ही दीडदोनशे पुरुष असू. घरदार जवळ असलेला एकही नसेल. मग मागच्या बाकावरचा एक पठाण उठला आणि मालकाला म्हणाला, "कपाट खुला कि नहीं?"

त्या एका सवालावर गलका झाला. इराणी लोक म्हणाले, शेवटचं रीळ तू दाबून ठेवलंस, पैसे परत दे. मालक शपथा घेऊ लागला की एवढंच आहे. गंमत अशी की दुसऱ्या दिवशी तीच माणसं पुन्हा तिकीट काढून आली. मीही गेलो. कपाट काही उघडलं नाही.

तेव्हापासून मला चाळाच लागला आहे. भेटेल त्याला विचारतो, तुला काय वाटलं? बंदरावरचा मलबारी म्हणतो, तो माणूस वाटेतच मेला होता, त्याचं त्याला माहीत नव्हतं. एक बलुची म्हणाला, बायकोच्या अंगात जिन आहे. वली म्हणतो, "चाचा, घरी गेल्यावर पहिल्यांदा कपाटाची कडी काढून टाकायची." सगळे हसले. त्या रात्री वलीला झोप नव्हती, मला ऐकू येत होतं.

मला स्वतःला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. तुला सांगतो. अन्वरी, पुढचं वाचताना वाईट वाटून घेऊ नकोस, पण गाळूही नकोस.

सात वर्षांपूर्वी मी रजेवर घरी आलो होतो, तेव्हा तू मला निळ्या फुलांच्या कपबशीत चहा दिलास, लग्नाकार्याला काढतो त्यातल्या. तुम्ही सगळे रोजच्या पेल्यातून प्यायलात. माझी गादी बाहेरच्या खोलीत घातलीस. मान देण्यासाठीच केलंस, मला ठाऊक आहे. एक दिवस आपला नातू माझ्या मांडीवरून उतरला आणि त्याने अन्वरीला विचारलं, "हे पाहुणे कधी जाणार?" तुम्ही हसलात. मीही हसलो. चार वर्षांचं पोर, त्याचा काय दोष. पण दर वर्षी बोटीचे दिवस आले की ते वाक्य मला आठवतं, आणि मी पुढच्या वर्षी बघू असं लिहून टाकतो. गुडघा, साहेब, रजा, ही सगळी कारणं खरी आहेत, पण खरं कारण ते.

काल वडाखाली एक म्हातारा अरब खजूर घेऊन बसला होता. त्यालाही विचारलं. हिंदी मोडकंतोडकं बोलतो. तो म्हणाला, "औरत अच्छी है. कोट को फेंका नहीं. साफ करके रखा."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोनदा बघूनही. मी तिथेच वडाच्या मुळीवर बसून राहिलो.

आज साहेबाला सांगितलं, हिशेब करा. रमजानच्या आधीच्या बोटीचं तिकीट वली काढतोय. ईद तिथेच, आणि इन्शाल्ला पुढच्या सगळ्या ईदही.

कोट खुंटीवरून काढून उन्हात घाल. चहा रोजच्या पेल्यात दे, काठाचा टवका उडालेला असला तरी चालेल. गादी आत घाल. पोरगा आता अकरा वर्षांचा झाला असेल, त्याने पुन्हा तेच विचारलं तर हसू नका. त्याला सांगा, हे जायचे नाहीत.

अन्वरी, शेवटचं वाक्य सासूला दोनदा वाचून दाखव.

तुझ्याच घरातला,
मोहिद्दीन