नळीला घातलेली टोपी

ता. ९, सोमवार

चि. खारूताईस,
अ. आ.

अक्षराला हसू नकोस, बातमी आनंदाची आहे. काकाच्या पेट्रोल पंपाचा वास गेलाच म्हणून समज! टँकर रिकामा होताना माझ्या खिडकीत भपकारे येतात, डोकं भणभणतं. तर भिंतीलगत टाकीची ती उंच नळी आहे ना, तिच्या तोंडावर मी जाड रेक्झिनची टोपी घातली आणि तारेने करकचून आवळली. या वयात शिडीवर! शेजारीण म्हणाली, माकडं लाजतील. काकाला सांगितलं नाही, उगाच बोंबलेल. तू वाफा पकडायच्या नळ्या बसवतेस, त्यासाठी म्हणे शिकावं लागतं! बुधवारी टँकर येईल, तेव्हा गंमत. जेवतेस ना गं वेळेवर?

लोभ करतेसच, आणखी थोडा कर.
तुझी आजी

ता. ११, बुधवार सकाळ

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पत्र आत्ता मिळालं. काकाचा फोन लागत नाही, तुझा उशीखाली असणार. मी कामावर अडकलेय, म्हणून हे पत्र देऊन आमच्या जीपवाल्याला पिटाळतेय. आधी काकाला हाक मार, मग पुढे वाच. टँकर ओतू देऊ नका! पेट्रोल आत शिरलं की टाकीतली वाफ त्या नळीतूनच बाहेर पडते. ती कोंडली तर माणसं उभी असतात तिथेच उसळेल, मग एक ठिणगी पुरे. टोपी काकाच काढेल, पंप बंद करून. तू चढायचं नाहीस. वास घालवायचा तर टँकरला दुसरी नळी जोडायला सांग, वाफ टँकरमध्ये परत जाते. वेळ जातो म्हणून काका जोडत नाही, मला ठाऊक आहे.

राग आला तरी लोभ असू दे.
तुझी खारू

ता. ११, संध्याकाळ

चि. खारूताईस,
अ. आ.

वाचलो गं. जीप आली तेव्हा टँकरचा पाइप टाकीला लावून झाला होता, ड्रायव्हर पेट्रोल सोडायची चावी फिरवणार एवढ्यात मी किंचाळले. काका म्हणाला, आई, तुला यातलं काय कळतं. मी वर नळीच्या टोपीकडे बोट दाखवलं. पांढराफटक पडला. सगळ्या गाड्या बाहेर काढून स्वतः वर चढला, टोपी काढून उतरला. मग माझ्यावर असा बरसला! मी म्हटलं, चुकले रे बाबा, शंभरदा चुकले, पण तू दुसरी नळी जोडली असतीस तर म्हातारी वर कशाला गेली असती? ड्रायव्हरने तोंड फिरवलं, हसत असणार मेला.

काकाने मग शेडमागून नळी ओढत आणली, तिच्यातली कोळ्याची जाळी झटकली आणि जोडली. टँकर रिकामा होत असताना खिडकीशी येऊन विचारतो, आई, येतोय का वास? मी नाक वर करून मुद्दाम हुंगतच राहिले. घाम फुटला त्याला. मग म्हटलं, नाही येत, आता दर खेपेला जोड.

जीपवाल्याला जेवू घातलंय. लोभ पोटभर आहे.
तुझी आजी