‘वाटतंय’ला रकाना नाही

९ तारीख, बुधवार
दुपारी, साइटवरच्या ऑफिसातून

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी आहेस, मीही बरी आहे. एवढं आपण फोनवरही बोलतो आणि तिथेच फोन संपतो, म्हणून या वेळी कागद घेतला. गुडघा कसा आहे? सांगितलेले व्यायाम करतेस, की नुसतं ‘करते’ म्हणतेस? लेकीची परीक्षा संपली असेल. माझ्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढलाय. झाल्या बातम्या.

आता खरं सांगते. मी वैतागले आहे. आणि वैतागायला मला कारण सापडत नाहीये, त्यामुळे दुप्पट वैतागले आहे.

येत्या रविवारी आम्ही बांधलेल्या नव्या इमारतीत हॉस्पिटल हलवायचं आहे. एक्केचाळीस पेशंट, त्यातले सहा श्वासाच्या मशीनवर. तीन वर्षं या कामाची प्रोजेक्ट मॅनेजर मी, म्हणून ‘इमारत तयार आहे’ या कागदावर सहीसुद्धा माझीच. शुक्रवारी चार वाजता. माझी सही झाल्याशिवाय एकही पलंग जागचा हलणार नाही.

कामांच्या तक्त्यात दोनशे बारा ओळी आहेत आणि दोनशे बाराही हिरव्या आहेत. आमच्याकडे दर सोमवारी मीटिंगमध्ये ज्याने त्याने आपल्या कामाचा रंग सांगायचा असतो. सुरळीत असेल तर हिरवा, अडलं असेल तर लाल. पूर्वी तिथे नुसती रडगाणी चालायची. मग दोन वर्षांपूर्वी मी नियम केला, लाल सांगायचा तर सोबत उपाय आणायचा. दोन तासांची मीटिंग चाळीस मिनिटांत संपायला लागली. साहेबांनी चारचौघांत कौतुक केलं होतं. मी तेव्हा तुला फोन करणार होते, मग राहिलं.

तर सगळं हिरवं आहे, आणि गेले आठ दिवस माझ्या छातीत कुणीतरी मूठ आवळून बसलंय.

तक्ता तीनदा वाचला. काही नाही. इमारत पायऱ्यांनी चढले, पायऱ्यांनी उतरले. नळ सोडून पाहिले, दारं ढकलून पाहिली. गच्चीवर लिफ्टच्या मशीनच्या खोलीबाहेर एक प्लास्टिकची खुर्ची पडली होती, ती उचलून खाली ठेवून आले. तीन वर्षांचं काम आणि मी खुर्च्या आवरत हिंडतेय.

विजेचं काम पाहणारे फोरमन आहेत, सगळे त्यांना तक्रारकाका म्हणतात. पंखा फिरला तरी ‘फिरतोय, पण मनापासून नाही’ म्हणणारा माणूस. परवा मीटिंगमध्ये ते ‘हिरवा’ एवढंच म्हणाले आणि खाली बसले. बाकीचे हसले. मीही हसले. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही.

काल शेवटी साहेबांकडे गेले. म्हटलं, “हलवणं आठवडाभर पुढे ढकलूया.”

“का?”

“काहीतरी राहिलंय असं वाटतंय.”

त्यांनी तक्ता माझ्याकडे फिरवला. “मॅडम, यात रकाने किती आहेत? नऊ. त्यात ‘वाटतंय’चा कुठला ते दाखवा. मी लगेच थांबवतो.”

शेजारी बसलेला हिशेबनीस खाली मान घालून हसला. मी ‘बरं’ म्हणून बाहेर आले, आणि जिन्यात उभं राहून साहेबांना काय काय उत्तरं देता आली असती त्याची उजळणी केली. नेहमीचंच.

लोक म्हणतात, आतलं ऐकावं. ऐकावं तरी कसं? आतून बोलणारं शहाणं आहे की नुसतंच घाबरट, हे कोण सांगणार? तुला तर माझ्या ‘वाटण्या’चा इतिहास माहीत आहे.

ते जाऊ दे. जेवणाची सुट्टी संपली. गुडघ्याला शेक घे.

तुझी,
धाकटी


१४ तारीख, सोमवार
सकाळी, घरून

ताई,

आधीचं पत्र टाकलंच नाही. दोन्ही एकाच पाकिटात घालतेय. सोमवारी सकाळी मी घरी कशी, असं तुझ्या मनात येईल. साहेबांनी आठवडाभर ‘विश्रांती’ घ्यायला सांगितलीय.

गुरुवारी पुन्हा गच्चीवर गेले. खुर्ची पुन्हा तिथेच. तीच, एका पायाला निळा रंग लागलेली. कुणीतरी ती पाच मजले वर नेली होती, दुसऱ्यांदा. मी तिथेच उभी राहिले आणि एकेक गोष्ट डोळ्यांपुढून जायला लागली. रविवारी कधीही न येणाऱ्या तक्रारकाकांनी या रविवारच्या यादीत आपलं नाव स्वतःहून घातलं होतं. मशीनच्या खोलीची किल्ली आठ दिवस ऑफिसातल्या खिळ्यावर नव्हती. हे सगळं मी पाहिलं होतं, ताई. पाहिलं होतं आणि पुढे गेले होते.

त्यांना वर बोलावलं. म्हटलं, “काका, खुर्ची तुमची?”

“बसायला लागते, मॅडम. वय झालं.”

“इथे बसून काय करणार?”

ते कठड्यावरची धूळ पुसायला लागले. मग म्हटलं, “उपाय सांगू नका. नुसती तक्रार सांगा. जुन्यासारखी.”

तरी दोन मिनिटं ते कठड्यावरची धूळच पुसत राहिले. मग बोलले. वीज गेली की लिफ्ट थांबते आणि जनरेटर चालू झाला की आपोआप सुटते, सुटायला हवी. पण चारातून एखाद्या वेळी सुटत नाही. अडकूनच बसते. मग गच्चीवर येऊन किल्लीने ती पुन्हा चालू करावी लागते. तपासणीच्या दिवशी सुटली, म्हणून ओळ हिरवी झाली. सुटा भाग मागवला तर यायला पाच आठवडे.

“मीटिंगमध्ये का नाही सांगितलंत?”

“तुमचाच नियम ना, मॅडम? उपाय आणा. उपाय नव्हता माझ्याकडे. मग म्हटलं, मीच बसतो वर. अडकली की फिरवतो किल्ली.”

“आणि सोमवारी?”

“सोमवारचं सोमवारी बघितलं असतं.”

मला रागवायचं होतं. पण कुणावर? हा माणूस एक्केचाळीस पेशंट आपल्या खांद्यावर घेऊन खुर्चीत बसायला निघाला होता, कारण मी त्याला तक्रार करायची सोय ठेवली नव्हती. नियम माझा. कौतुक माझं. हसलेही मीच.

लगेच साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चारातून एकदा अडकते म्हणजे तीनदा चालते ना? आणि किल्लीवाला वर बसायला तयार आहे. मग अडचण काय?” ताई, मी हे रचून सांगत नाहीये.

शुक्रवारी चारला कागद समोर आला. साहेब, हॉस्पिटलचे दोघे, आणि जुन्या इमारतीतल्या मोठ्या सिस्टर. मी पेन उघडलं. कारण हाती होतं, तरी मी पेन तसंच धरून बसले. कशामुळे, ते सांगते. हा कागद बाजूला सारला तर मी पुन्हा तीच होईन, ऐन वेळी ‘मला आतून वाटतंय’ म्हणणारी. साहेबांची भीती नव्हती गं. मला तुझा चेहरा दिसला.

मी पेन बंद केलं. म्हटलं, “इमारत तयार नाही. सही करणार नाही.” लिफ्टचं सांगितलं. माझ्या नियमाचंही सांगितलं. मोठ्या सिस्टरनी एकच विचारलं, “अडकली तर किती वेळ?” मी म्हटलं, “काका जागेवर असले तर चार मिनिटं. नसले तर माहीत नाही.” त्या उठल्या, “मग माझी पोरं हलणार नाहीत,” म्हणाल्या आणि निघून गेल्या. साठीतल्या पेशंटलाही त्या पोरंच म्हणतात.

रविवारी कुणी हललं नाही. हलवणं सहा आठवडे पुढे गेलं. माझं काम तात्पुरतं दुसऱ्याकडे दिलंय आणि मला लेखी खुलासा मागितलाय. आभार कुणी मानले नाहीत. तक्रारकाकासुद्धा माझ्यावर चिडलेत, त्यांना साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं म्हणून. “तुम्हाला सांगितलं तिथेच चुकलं,” म्हणाले. आतलं ऐका, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ऐकल्यावर पुढे काय होतं, ते एकजणही सांगत नाही.

खुलाशाचे चार कागद फाडले. पाचवा हा लिहायला बसले, तर वर ‘प्रिय साहेब’ऐवजी ‘ताई’ लिहिलं गेलं. म्हणून आता तेच लिहिते.

तुझ्या लग्नाच्या आदल्या दुपारी तू आपल्या कपाटातला तुझा कप्पा रिकामा करत होतीस. मी दारात उभी राहून म्हटलं, “ताई, हा माणूस तुला सुखात ठेवणार नाही. मला आतून वाटतंय.” तू घडी घातलेला कपडा पुन्हा उलगडलास आणि पुन्हा घडी घातलीस. एकोणीस वर्षं आपण त्यावर काही बोललेलो नाही. गुडघा, चष्मा आणि परीक्षा, एवढंच बोलतो.

आईच्या शेवटच्या महिन्यात तिला उठवून बसवणारे, भरवणारे भावोजीच होते. मी साइटवर होते. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. पण मी मनात म्हणत राहिले, की तेव्हा वाटलं ते खरंच वाटलं होतं, त्यात माझा काय दोष? आणि त्या दिवसापासून स्वतःच्या वाटण्यावर विश्वास ठेवायचा सोडून दिला. तक्ते करत बसले. नियम केले.

तक्रारकाकांना मी तीन वर्षं रोज पाहिलंय. ते कधी गप्प बसतात, किल्ली कुठे टांगतात, हे माझ्या डोळ्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. त्यांना, तुझ्या नवऱ्याला, मी तेव्हा जेमतेम अडीच तास पाहिलं होतं, आणि त्यातले दोन तास ते आईशी बोलत होते. त्यांच्याबद्दल मला काय वाटणार होतं? मला त्या दुपारी माणूस दिसतच नव्हता. रिकामा होत चाललेला कप्पा दिसत होता. तू गेल्यावर मी त्या खोलीत एकटी राहणार होते, आणि ते म्हणायला लाज वाटली, म्हणून मी त्याला ‘आतून वाटतंय’ म्हटलं. घाबरले होते मी, ताई. तुझा आनंदाचा दिवस मी त्यापायी नासवला.

माझं चुकलं.

हे तू एकटीने वाचू नकोस, त्यांनाही दाखव. त्यांना तू तेव्हा सांगितलं होतंस की नाही, मला माहीत नाही. सांगितलं नसशील तर आता कळू दे. कळूनही ते आजवर माझ्याशी इतके नीट वागले असतील, तर मला कुठे तोंड लपवावं ते समजणार नाही, पण तेही कळू दे.

साहेबांचा खुलासा दुपारी लिहीन. दोन ओळींचा होईल. आठवडाभर मी घरीच आहे. तू ये म्हणालीस तर येईन. काही म्हणाली नाहीस तरी मला राग येणार नाही.

तुझी धाकटी बहीण,
आणि भावोजींची मेहुणी